एका फाटकावर थोरली, दुसऱ्या फाटकावर धाकटी

ऑल्डरफर्डच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे गावच्या नगरपालिकेत, मॅक्सीन ट्रिकेट नोकरीला लागली तेव्हा गावात बाकं जास्त आणि मुलं कमी होती. मोज्यांचे कारखाने एकामागून एक बंद पडले होते, तरुण माणसं पोटामागे निघून गेली होती, आणि कुठली शाळा कुठल्या शाळेत मिसळायची याचे हिशेब मांडणं हे तिचं काम होतं. त्या वेळी लोक तिला शाळा बंद करणारी बाई म्हणायचे. पुढे गावाबाहेरचा जुना विमानतळ विकला गेला, धावपट्टीवर घरं उभी राहिली, गल्ल्यांना विमानांची नावं मिळाली, आणि बघता बघता मुलं इतकी झाली की बाकं पुरेनात. मग लोक तिला जागा न देणारी बाई म्हणू लागले. खुर्ची तीच होती, खिडकीही तीच.

गावाचा समज असा, की शाळेतल्या जागा मॅक्सीनच्या पर्समध्ये असतात आणि मनात आलं की ती एखादी काढून देते. दुकानात बटाटे निवडताना कुणीतरी खांद्याला हात लावायचं. दातांच्या डॉक्टरनं तर तिचं तोंड उघडं असतानाच आपल्या भाचीची गोष्ट सुरू केली होती. केस कापणारी बाई तिनं दोनदा बदलली.

"पुढच्या वेळी सांग, मी कसायाकडे कामाला असते म्हणून," तिचा नवरा क्लाइव्ह म्हणाला. तो पोस्टमन होता आणि नुकताच निवृत्त झाला होता.

"सांगितलं असतं. पण कसायाचे लोक आभार मानून जातात."

खरं दुखणं विमानतळाच्या वसाहतीचं होतं. बिल्डरनं तिथं नवी शाळा बांधून द्यायची, असा करार होता. पण ठरावीक घरांत माणसं राहायला आली की मगच. त्या आकड्याच्या अगदी तोंडाशी येऊन बांधकाम मंदावलं. कधी विटा मिळत नव्हत्या, कधी माणसं. शाळेच्या जागेला कुंपण घातलं होतं आणि हसणाऱ्या मुलांचा एक मोठा फलक लावला होता. उन्हापावसानं त्या मुलांचे चेहरे निळे पडले, तरी शाळा काही उगवेना. मॅक्सीन दर वर्षी अहवाल लिहायची, समितीचे सभासद माना डोलवायचे, आणि पुढचा विषय गटारांचा असायचा.

मग उरली वसाहतीजवळची एकच शाळा, हॉथॉर्न लेनची. तिथले हेडमास्तर ऑस्टिन रिंटूल. उंच, वाकलेले, कोपरांवर ठिगळं असलेला कोट घालणारे. दर वसंतात मॅक्सीन त्यांच्याकडे जायची आणि एक जादा तुकडी घ्या म्हणून गळ घालायची. पहिल्या वर्षी त्यांनी कॉम्प्युटरची खोली दिली. दुसऱ्या वर्षी गाण्याची. तिसऱ्या वर्षी ग्रंथालयाची पुस्तकं कपाटांसकट बोळात आली, आणि मुलं जेवायला जाता-येता त्यांच्यावर आपटू लागली.

चौथ्या वर्षी ती आली तेव्हा रिंटूलनी तिला बसाही म्हटलं नाही.

"मॅक्सीन, आता माझी खोली उरली आहे आणि झाडूचं कपाट. कुठलं हवंय?"

"मैदानावर एखादी तयार खोली ठेवता येईल, ऑस्टिन."

"मैदानावर मुलं खेळतात. मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

"दुसरा मार्ग असता तर आले नसते."

"हे तू दर वर्षी म्हणतेस. या वर्षी नाही म्हणजे नाही." ते दाराशी जाऊन उभे राहिले. तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांच्या जागी ती असती तर दोन वर्षं आधीच हे बोलली असती.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत मारिवीक दुमलाओ वसाहतीत राहायला आली. ती फिलिपिन्सची, गावच्या इस्पितळात नर्स. नवरा मालवाहू जहाजावर. वर्षातले बरेच महिने त्याचा आवाज फक्त फोनवर. दोन मुली: थोरली क्रिसेल, धाकटी मायुमी. क्रिसेलच्या वर्गात हॉथॉर्न लेनला नेमकी एक जागा होती, ती तिला मिळाली. मायुमी पहिलीतली. लहान मुलांच्या वर्गात एका शिक्षकामागे तीसच मुलं, हा कायदा. आणि तीस भरलेली. मायुमीला गावाच्या दुसऱ्या टोकाला, कालव्याजवळच्या वॉर्फ रोड शाळेत जागा मिळाली. दोन्ही शाळांची फाटकं एकाच वेळी उघडत आणि मध्ये बसचा लांबलचक फेरा.

मारिवीक कौन्सिलच्या खिडकीशी आली ती गणवेशातच. "मॅडम, एका आईला दोन फाटकं. मी कुठल्या फाटकावर उभी राहू?"

मॅक्सीननं तिला प्रतीक्षा यादीबद्दल सांगितलं, अपिलाबद्दल सांगितलं. अपील करायचा तुम्हाला हक्क आहे, असं सांगताना ते अपील बहुतेक फुकट जाणार हेही ती सांगणार होती. पण मारिवीकनं तेवढ्यात इतक्या मनापासून मान हलवली, की ते वाक्य तिच्या तोंडात राहून गेलं.

अपिलाची सुनावणी नगरभवनाच्या वरच्या मजल्यावर झाली. समोर तीन पंच: एक निवृत्त ग्रंथपाल, एक शेतकरीण, एक चर्चचा माणूस. कौन्सिलची बाजू मांडायला मॅक्सीन. हॉथॉर्न लेनच्या पहिलीत एकतिसावं मूल घेतलं तर काय होईल ते तिनं नेहमीच्या आवाजात सांगितलं. एक शिक्षक वाढवावा लागेल, त्याला वर्ग नाही, वर्गाला जागा नाही. सगळं खरं होतं.

मग मारिवीक बोलली. धाकटीला आधी पोचवलं तर थोरलीला उशीर होतो. थोरलीला आधी सोडलं तर शाळा बंद असते आणि ती एकटी फाटकाबाहेर उभी राहते. इस्पितळानं उशिरा यायची सवलत दिली आहे, पण वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर आता घड्याळाकडे बघायला लागल्या आहेत. ती रडली नाही. ग्रंथपालबाईच डोळे पुसत होत्या.

निकाल कौन्सिलच्या बाजूनं लागला. कायद्यापुढे पंचांचे हात बांधलेले होते. मॅक्सीन कागद गोळा करून बोळात आली तेव्हा मारिवीक तिथं कोटाची बटणं लावत होती.

"मॅडम, तुम्ही तुमचं काम चांगलं केलंत," ती म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. शिव्या मॅक्सीनला सवयीच्या होत्या. कुणी 'तुला स्वतःची पोरं नाहीत म्हणून कळत नाही' म्हणालं, की घरी जाऊन भांडी जरा जोरात घासली की ते उतरायचं. हे उतरेना. जेवताना तिनं क्लाइव्हला सगळं सांगितलं.

"जिंकलीस ना मग?"

"जिंकले."

"मग चेहरा हरल्यासारखा का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रिंटूलच्या दारात उभी होती.

"झाडूचं कपाट देत नाही," ते म्हणाले.

"जागा मागायला आलेले नाही. तुमचा हॉल सकाळी शाळा भरेपर्यंत रिकामा असतो ना?"

"असतो. का?"

"तिथं लवकर येणाऱ्या मुलांना न्याहारी द्यायची. आई-बाप मुलाला लवकर सोडून पुढे जातील. ही एकट्या क्रिसेलच्या आईची अडचण नाहीये, ऑस्टिन. वसाहतीतल्या निम्म्या घरांत हेच चाललंय."

"आणि उभं कोण राहणार तिथं? माझ्या शिक्षकांना आता श्वास घ्यायला सवड नाही. पैसे मागायला जाऊ कुठं, तुझ्याच कौन्सिलकडे?"

"मी राहीन उभी. कौन्सिलनं माझी तपासणी केलेली आहे, मुलांमध्ये वावरायची परवानगी आहे मला. तुमची एक बाई शेजारी असली म्हणजे झालं."

रिंटूल तिच्याकडे बघत राहिले. "तू? टोस्ट भाजणार?"

"क्लाइव्हला गेली तीस वर्षं भाजून देतेय. अजून जिवंत आहे तो."

तिच्या साहेबाला हे पटलं नाही. कौन्सिलच्या माणसानं एका शाळेत राबलं तर बाकीच्या शाळा काय म्हणतील, असं त्याचं म्हणणं. मॅक्सीन म्हणाली, ऑफिस उघडायच्या आधी मी काय करते ते माझं मी बघेन. त्यानं विषय सोडून दिला. अपिलांच्या मोसमात तिला दुखावणं परवडणारं नव्हतं.

अशी ती रोज सकाळी हॉथॉर्न लेनच्या हॉलमध्ये उभी राहू लागली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून टोस्ट, लोणी, जॅम, वाटीत दूध आणि कॉर्नफ्लेक्स. पहिल्या आठवड्यात चारदोनच पोरं होती. क्रिसेल सगळ्यांच्या आधी यायची, कोपऱ्यात बसून गृहपाठ करायची, आणि मॅक्सीनला टोस्टच्या कडा कापायला लावायची. बाहेर मारिवीक धाकटीचा हात धरून बसकडे पळत असायची. शाळा सुटल्यावर क्रिसेलला शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस बिडल्फ घरी न्यायच्या. तेवढं निभलं.

मुलं वाढत गेली. हिवाळ्यात अंधारातच दार उघडावं लागे. मॅक्सीनचे गुडघे धरायचे. ऑफिसात पोचेपर्यंत अंगाला जळक्या पावाचा वास. दुपारच्या बैठकांत तिचे डोळे मिटायचे. यातून काही फार मोठं साधतंय असं तिला कधी वाटलं नाही. एक मुलगी फाटकाबाहेर थंडीत उभी राहत नाही, एवढंच. रिंटूल अधूनमधून डोकावायचे आणि उभ्या उभ्या एक टोस्ट उचलायचे.

"जॅम पातळ लावतेस," ते म्हणायचे.

"मुलांचा आहे तो."

नाताळच्या सुमारास मारिवीकनं मोठा डबाभर पान्सित आणून दिलं, लिंबू पिळलेल्या शेवया. मॅक्सीन आणि क्लाइव्हला ते तीन दिवस पुरलं.

मायुमी दुसरीत गेली त्या वर्षी, इस्टरच्या जरा आधी, हॉथॉर्न लेनच्या दुसरीतल्या एका मुलाचं कुटुंब स्कॉटलंडला निघालं. मायुमीच्या वर्गातली एक जागा मोकळी झाली. बहीण त्याच शाळेत असल्यामुळे प्रतीक्षा यादीत मायुमीच पहिली. मॅक्सीननं तो कागद वाचला, पुन्हा वाचला, चहा न पिता फोन उचलला. असा फोन करायला तिला वर्षानुवर्षं मिळत नसे.

"मारिवीक, जागा मिळाली. दोघी एका शाळेत."

मारिवीक म्हणाली, "मॅडम, उद्या सांगू का?"

दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली. तशीच गणवेशात, पण या वेळी खुर्चीवर बसली. "मी मायुमीला विचारलं. ती पलंगाखाली जाऊन बसली. वॉर्फ रोडला तिची मैत्रीण आहे, झोफिया. बाई आहेत, मिस ऑकलंड. त्यांनी तिला बोलतं केलं. या गावात आली तेव्हा ती घरातसुद्धा कुजबुजायची. आता वर्गात गाणी म्हणते." तिनं खुर्ची जरा पुढे ओढली. "तुम्ही रागवाल, माहीत आहे मला. एवढं भांडले मी त्या जागेसाठी."

मॅक्सीनला खरंच राग आला. दीड वर्ष थंडीत दार उघडलं, गुडघे गेले, आणि आता नको. तो राग तिनं टेबलावरच्या पेनावर काढला, टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग तो आपोआप ओसरला आणि नुसता थकवा उरला.

"फाटकाचं काय करशील?"

"जमलंय आता. बस वॉर्फ रोडवरून सरळ इस्पितळाला जाते. सिस्टरनी पण सांगितलं, वेळ अशीच ठेव."

"मग राहू दे," मॅक्सीन म्हणाली. "नको असलेली जागा कुणाच्या गळ्यात मारायची नसते."

मारिवीकनं दोन्ही हातांनी तिचा हात धरला आणि ड्युटीला निघून गेली. यादीतलं पुढचं नाव एका ट्रकवाल्याच्या मुलाचं होतं. त्या माणसानं अपिलात मॅक्सीनला बरंच काही सुनावलं होतं.

"जागा आहे," तिनं फोनवर सांगितलं.

"कुठं तरी गोम असेल यात."

"नाही. मोकळी झाली, तुमचा नंबर आला."

"दीड वर्षानं?"

"दीड वर्षानं."

मागे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. "बरं, घेतो," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. आभार मानले नाहीत.

त्या उन्हाळ्यात हॉथॉर्न लेनच्या पालकांनी पैसे उभे करून न्याहारीसाठी पगारी बाई ठेवली. मॅक्सीननं किल्ली परत केली तेव्हा रिंटूल म्हणाले, "ती जॅम जाड लावते," आणि तिला फाटकापर्यंत सोडायला आले. तेही निवृत्त व्हायच्या बेतात होते.

वसाहतीतली शाळा शेवटी बांधली गेली. तोवर गावातले जन्म पुन्हा घटायला लागले होते. नव्या शाळेचे बालवर्ग अर्धे रिकामे, आणि तिथल्या तरुण हेडमास्तरीणबाई रोज फोन करून मॅक्सीनला विचारत, मुलं कधी पाठवता. तिनं घरोघर पत्रं धाडली. बहुतेकांनी आहे तिथंच बरं म्हणून कळवलं. समितीच्या बैठकीत एका सभासदानं जरा चढ्या आवाजात विचारलं, एवढी मोठी शाळा हवी होती कशाला?

मॅक्सीननं त्याच्याकडे पाहिलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते सगळं तिनं आधीच लिहून दिलं होतं, याच समितीला.

"तेव्हा मुलं होती," ती म्हणाली. पाण्याचा घोट घेतला आणि पान उलटलं.