पाय ऐकणाऱ्या अक्का

सुजाताअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवून व्हरांड्यात पाय लांब करून बसलो होतो. पेंग आली होती. त्यांचा धाकटा भाऊ ‘मास्तर, अक्का गेली’ एवढंच म्हणाला आणि मी ‘बरं’ म्हणालो. आता दीड-दोन महिने होत आले. अजूनही त्यांचा आवाज आठवायला बसलं की आधी त्यांच्या खोलीतल्या यंत्राचा आवाज कानात येतो आणि मग, जरा उशिरानं, त्यांचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वारणानगरच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचो. एका लग्नाहून परतताना आमची जीप उलटली आणि माझ्या कमरेचा मणका मोडला. कोल्हापुरात ऑपरेशन झालं, पण गुडघ्याखाली दोन्ही पाय माझे नसल्यासारखे पडून राहिले. विचारलं की सगळे डॉक्टर ‘बघू’ म्हणायचे. मला एकच गोष्ट हवी होती, पुन्हा उभं राहायचं होतं, आणि तेवढ्याचंच उत्तर कुणी देत नव्हतं. मग एका दुपारी मला वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत नेलं. तिथं डॉक्टर सुजाता बसायच्या. त्या मूळच्या हातकणंगल्याच्या. अख्खं हॉस्पिटल त्यांना अक्का म्हणायचं. कुणाला अर्धांगवायू झालेला, कुणाचा मणका मोडलेला, अशा माणसांच्या नसांत आणि रक्तवाहिन्यांत काय चाललंय ते मोजायचं, हे त्यांचं काम. पडदे ओढलेले असायचे, स्पिरिटचा वास, यंत्राच्या काचेवर एक हिरवी रेघ सरकत असायची… दुखण्याच्या गोळ्यांनी मी कायम गुंगीत असे. त्या खोलीतल्या दुपारी मला पाण्याखालून पाहिल्यासारख्याच आठवतात.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या घोट्याला थंडगार जेल लावून पेनासारखं काहीतरी टेकवलं आणि खोलीत आवाज भरला. शू… शू… उसाच्या सरीत पाटाचं पाणी सोडावं तसा. हे रक्त आहे, वाट मोकळी आहे, असं त्यांनी सांगितलं तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या आईनं यंत्राला हात लावून नमस्कार केला. मग अक्कांनी पोटरीत बारीक सुई घातली आणि पाय सैल सोडायला सांगितलं. मी दुसरं करणार तरी काय होतो! पण सुई आत गेली आणि यंत्र तडतडायला लागलं. तापल्या कढईत लाह्या फुटाव्यात तसं, थांबायचं नावच नाही.

आई हरखली. “बोलाय लागला की पाय,” म्हणाली आणि लगेच पिशवीतून गुळाचा खडा काढून अक्कांपुढे धरला. चांगली बातमी देईल त्याचं तोंड गोड करायचं म्हणून अपघातापासून ती तो खडा जवळ बाळगून होती. मघाचा आवाज चांगला, तर हाही चांगलाच, असं तिला वाटलं. मलाही वाटलं होतं.

अक्कांनी गूळ घेतला नाही. “मावशी, गूळ पिशवीत ठेवा,” त्या म्हणाल्या. “बरा पाय निजला की गप्प असतोय. नसेनं हात सोडला की स्नायू असा एकटाच तडतडत बसतोय. ह्यो आवाज चांगला न्हाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “नस परत वाढंल, न्हाय तर न्हाई वाढायची. खोटं सांगून तुम्हास्नी उभं करता आलं असतं मास्तर, तर रोज सांगितलं असतं.”

त्या बाईच्या तोंडात चांगला शब्द म्हणून नाही, असं आई जिना संपेपर्यंत बडबडत राहिली. पुढे कितीतरी दिवस तिनं अक्कांशी अबोला धरला. मला मात्र त्या दिवशी, का कोण जाणे, हलकं वाटलं. रडलो पुष्कळ, पण हलकं वाटलं.

पुढे तपासणीला जातच राहिलो. थंडीत नसही आळसावते आणि खोटा आकडा दाखवते म्हणून अक्का माझे पाय आधी कोमट पाण्याच्या टबात सोडायला लावायच्या. त्या अर्ध्या तासात आमची मैत्री झाली. बोलता बोलता त्या मध्येच डोळे मिटायच्या आणि बाहेरून कुणी चालत येत असलं की ‘उजवा ओढतोय’ असं पुटपुटायच्या. दार उघडून बघावं तर तसंच असायचं.

दुसरा हिवाळा आला. नेहमीसारखी उजव्या पोटरीत सुई गेली आणि यंत्रातून काहीच आलं नाही. हिरवी रेघ सरळ. आईचा चेहरा उतरला. होतं तेवढंही गेलं, असं समजून तिनं पदर तोंडाला लावला. अक्का डोळे मिटून कितीतरी वेळ ती शांतता ऐकत राहिल्या… मग हळूच म्हणाल्या, “मास्तर, आता पंजा खाली दाबायचा प्रयत्न करा.” मी सगळा जीव लावून दाबला. टक… टक… पुन्हा टक.

“मावशी, आता काढा गूळ.”

पिशवीत गूळ नव्हता. आईनं तो बाळगणं कधीच सोडलं होतं. तिनं नुसता अक्कांचा हात धरला आणि ती मोठ्यानं रडली. त्यानंतर आई होती तोवर गुऱ्हाळं सुरू झाली की गुळाची पहिली ढेप अक्कांच्या घरी हातकणंगल्याला जायची. डावा पाय मात्र आला नाही. तेही अक्कांनी सरळच सांगितलं. उजवा पाय, डाव्याला पट्टा आणि हातात काठी, एवढ्यावर मी शाळेत परतलो आणि पोरांना झाडं काढायला शिकवत राहिलो.

गेल्या वर्षी अक्कांनाच झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी डाव्या हातानं माझ्या पायाकडे खूण केली. मी पँट वर सरकवली. त्यांनी पोटरीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. मला त्यांना काय काय सांगायचं होतं. त्यांनी विचारलं असतं तर सांगितलंही असतं. तीच आमची शेवटची भेट.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला गेलो तेव्हा बुद्धविहार भरून गेला होता. काठ्या, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या दारापर्यंत. शेवटी श्रद्धांजलीसाठी उभं राहायला सांगितलं. अक्कांचा भाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून, मास्तर, तुम्ही बसलात तरी चालेल, असं म्हणाला. मी काठी भिंतीला टेकवली आणि उभा राहिलो. सुई लावली असती तर माझ्या उजव्या पोटरीची टकटक त्या शांततेत दारापर्यंत गेली असती. लोक बसले तरी मी थोडा वेळ उभाच होतो. मग बसलो, पाय सैल सोडला, आणि तो गप्प झाला.