रंभाबाईचा काळा रस्सा आणि लाल वाईन

गळ्यात तुळशीची माळ आणि हातात मटणाचा डाव, असा रंभाबाईचा पस्तीस वर्षांचा उलटा संसार. नवरा गेल्यावर पोटासाठी तिनं सोलापुरात मटणाची खानावळ काढली, पण माळ काही उतरवली नाही. बोटभर रस्साही कधी जिभेला लावला नाही. नुसत्या वासावर मीठ ओळखायची बाई, आणि चुकायची म्हणून नाही! सांगोल्याची माणसं बाजाराला आली की वाट वाकडी करून हिच्याकडं जेवायची.

गेल्या थंडीत ताप आला आणि वास गेला, तो गेलाच. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय, सगळी खानावळ त्या नाकावर उभी! सवयीनं हात चालत होता, ताटं रिकामी परत येत होती, म्हणून तिनं मनाची समजूत घातली.

परवा दुपारी गिऱ्हाईक उठल्यावर भाची दिपाली आली. ती वाईनच्या कंपनीत नोकरीला. कंपनीनं फेसाळणारी लाल वाईन काढली होती, स्वस्तातली, आणि आपल्याकडच्या जेवणात तिच्याशी काय जुळतं ते साहेबांना कळवायचं होतं. शेंगाचटणी-भाकरीवर घोट घेऊन पोरीनं तोंड वाकडं केलं. मग काळा रस्सा भुरकला, वर पुन्हा एक घोट, आणि खुलली.

"हे जुळलं बघ आत्या. गोडसर हाय न्हवं, मीठ झाकून घेती."

रंभाबाईच्या हातातलं फडकं थांबलं. "झाकण्याइतकं मीठ हाय व्हय?"

आत्यानं खोदून विचारलं तेव्हा दिपालीनं कबूल केलं, संक्रांतीपासून असंच आहे. सगळ्यांना ठाऊक होतं. शंकरप्पा हमाल रश्शात पाणी ओतून खायचा, आणि बाईला कुणी बोलायचं नाही अशी त्यानंच बाकीच्यांना तंबी दिली होती.

रंभाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं माळ काढून विठोबाच्या तसबिरीला अडकवली आणि हात जोडले. दिपाली नको नको म्हणत आडवी आली.

"माझी चूक लोकांनी गिळायची आन मी सोवळी ऱ्हायची व्हय?"

तिनं वाटी तोंडाला लावली. आपल्या हातचा रस्सा जन्मात पहिल्यांदा खाल्ला. खारट होता. डोळ्यांना धार लागली, तरी तिनं पाणी घेतलं नाही, वाटी शेवटपर्यंत संपवली.