गिरणीतला सॅक्सोफोन

आमच्या पनवेलच्या पिठाच्या गिरणीचा आवाज असा, की कर्नाळ्याचे निम्मे पक्षी ऋतू बदलला म्हणून नाही, तिला कंटाळून देश सोडतात. त्या गदारोळात आमचा गिरणीवाला जाझ ऐकतो. खोटं वाटत असेल तर दळण घेऊन या! मोबाइल स्टीलच्या डब्यात उभा, मिशीवर पीठ, आणि वाजवणारे सगळे अमेरिकेतले काळे कलावंत. कुणी शिकागोची बासरीवाली, कुणी न्यू ऑर्लिन्सचा ट्रम्पेटवाला.

“जुने नावाजलेले का नाही ऐकत?” मी एकदा ओरडून विचारलं.

“त्यांना जग ऐकतंय, साहेब. हे आत्ता वाजवतायत. जिवंतपणी कुणी ऐकायला नको?”

प्रत्येक गिऱ्हाइकाला तो आशेनं विचारतो, “कसं वाटलं?” गिऱ्हाईक पीठ चिमटीत घेऊन सांगतं, “जरा जाड आलंय.”

परवा एक दळण संपल्यावर त्यानं गिरणीच बंद केली. अख्खं पनवेल दचकलं. डब्यातून एकटा सॅक्सोफोन ऐकू येऊ लागला. “लाइट गेली वाटतं,” म्हणत रांग चहाला पांगली. मी राहिलो, आणि मांडीवर तांदळाचा डबा घेतलेली कोळीण मावशी. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

“यो कोन हाय रं?”

“अमेरिकेचा आहे, मावशी,” गिरणीवाला म्हणाला.

“लय एकटा हाय बिचारा. त्याला सांग, बोंबलाचं कालवन केलंय. जेवाला ये.”

गिरणीवाल्यानं मान हलवली, पाठ फिरवली आणि घाईघाईनं बटण दाबलं. मावशीचे तांदूळ टाकायचे राहूनच गेले. गिरणी कितीतरी वेळ रिकामीच धडधडत होती.