पिवळी चिठ्ठी

परदेशातला बारा वर्षांचा संसार महिन्याभरात गुंडाळून मायदेशी परतायचं होतं. नवऱ्याने घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. हिरवी म्हणजे न्यायचं, पिवळी म्हणजे देऊन टाकायचं. बायको इथे घरबसल्या लोकांचे कपडे अल्टर करून द्यायची. महिनाभर तिने सामानाला जाड कापडाच्या खोळी शिवल्या. त्याच्या व्यायामाच्या सायकललासुद्धा. शेवटची खोळ झाली आणि त्याने तिच्या शिलाई मशीनवर पिवळी चिठ्ठी लावली.

“अहो, माझं आहे ते!”

“तिकडे गल्लोगल्ली शिंपी आहेत. आता आराम कर.”

“आराम? तुमच्या आईच्या हाताखाली?”

“जीभ मात्र कात्रीसारखी चालते हं तुझी,” तो हसत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेजारीण मशीन न्यायला आली. “इतकं चांगलं मशीन देताय? काही खोड नाही ना?”

“छे! बायकोपेक्षा गुणी आहे,” नवरा म्हणाला.

जाड कापडावर ते अडतं, मग चाक हाताने फिरवून हळूच पुढे न्यावं लागतं. तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“यांनाच विचारा,” ती शेजारणीला म्हणाली. “यांना सगळं ठाऊक असतं.”