पांढरं लागलं का?

हरसूलच्या सहादू गावितची ओळख झाली की दहाव्या मिनिटाला त्याची ती लढत ऐकावीच लागायची. अठ्ठ्याऐंशी साल, जिल्हा बॉक्सिंगची अंतिम फेरी. लाल बाजूला सहादू, निळ्या बाजूला नाशिकरोडचा संतोष. एका पंचानं कौल दिला सहादूला, दुसऱ्यानं संतोषला. तिसरे रंगनाथ सर, त्यांच्या कागदानं संतोष जिंकला. तो पुढे पोलिसात लागला. सहादू रखवालदार म्हणून उभा राहिला विंचूरच्या एका वाइन कारखान्याच्या फाटकावर, आणि तिथंच त्याचे केस पिकले.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यानं त्या लढतीची कॅसेट काढली होती. ती आता मोबाइलवर आली होती. ट्रकवाला आला की सहादू फाटक उघडण्याआधी ती दाखवायचा. “सांगा, कोण जिकलं?”

गाडी आत न्यायची घाई. सगळे म्हणायचे, “तुम्हीच, मामा!”

“अख्खा जलम एका दुपारला टांगून ठेवला तुमी,” बायको भिमाबाई कपाळाला हात लावायची.

निवृत्तीला महिना उरला, तेव्हा सहादू पंचवटीत रंगनाथ सरांच्या दारात जाऊन उभा राहिला. त्याला एवढंच ऐकायचं होतं, ‘माझी चूक झाली.’ मग सगळ्या आयुष्याचा हिशोब लागणार होता.

काचबिंदूनं सरांचे डोळे गेले होते. पण त्यांनी सहादूला आवाजावरून ओळखलं, जवळ बसवलं, दोन वाट्या आणि मूठभर चिंचोके मागवले.

“तू बघून सांग, मी टाकतो. लाल डावीकडे, निळा उजवीकडे. ग्लोव्हजचा पुढचा पांढरा भाग लागला तरच चिंचोका. नियम तोच.”

सहादूनं मोबाइल लावला. “लाल! डोक्यात! आवाज ऐकला ना, सर?”

“ऐकला. पांढरं लागलं का?”

त्यानं चित्र मागं नेलं, थांबवलं. हात कोयता फिरवावा तसा लांबून आला होता. लागला होता तो ग्लोव्हजचा आतला तळवा.

“नाय, सर.”

“पुढे.”

“निळा. सरळ नाकावर.” सहादूनं चित्र थांबवलं. “पांढरं.”

टक्. उजव्या वाटीत चिंचोका पडला. इतक्या वर्षांत सहादूनं संतोषचा हात कधी पाहिलाच नव्हता. आपलाच पाहिला होता.

तिसऱ्या फेरीत तो ओरडला, “पडला, सर! निळा पडला!”

“कशानं?”

सहादूनं चित्र पुन्हा मागं नेलं.

“खांद्यानं ढकललाय मी त्याला.”

सरांनी वाट्या चाचपल्या. डावीत सहा, उजवीत चौदा.

“त्या दिवशी मी एकाच गुणाचा फरक लिहिला होता रे,” ते हळूच म्हणाले. “तू असा झुंजत होतास, की तुला गुण देताना माझा हात सैल सुटला.” मग त्यांनी त्याचा गुडघा थोपटला. “तुला हवं असेल तर चूक झाली म्हणून लिहून देतो. सही अजून जमते मला.”

“नको, सर,” सहादू म्हणाला. पाया पडला आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी फाटकावर ओळखीचा ट्रक आला. सहादूचा हात खिशाकडे गेला नाही, तसा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, “आज लढत नाही का? तुम्हीच जिंकलात, मामा! उघडा आता!”

सहादूनं फाटक उघडलं. ट्रक आत गेला तरी ते लावायचं त्याला सुचेना.