गार्डसाहेबांच्या गोधडीला कारागीर

सन १९५४, कार्तिक महिना, रविवारची सकाळ. रक्कम रुपये पाच. हजर: आमचे शेजारी गार्डसाहेब, त्यांच्या पत्नी आणि मी. गार्डसाहेबांनी पाचाची नोट माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "मुनीमजी, हे तुमच्यापाशी जमा. माह्या मायची गोधडी जो नीट करून देईल, त्याले द्याचे." मी राइस मिलमध्ये मुनीम असल्यामुळे मोहल्ल्यातल्या असल्या ठेवी माझ्याकडे येतात. ही ठेव पौषापर्यंत माझ्याकडे पडून राहील, असं मात्र त्या दिवशी वाटलं नव्हतं.

साऱ्या गोंदियात मागे पाहत पुढे जाणारा माणूस एकच, आणि तो आमच्या शेजारी राहतो. गार्डसाहेबांची सगळी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेली. निवृत्त झाले तरी टांग्यात ते मागेच बसत, आणि बैलगाडीत बैलांकडे पाठ करून. कामठ्याला एका लग्नात पंगतीच्या अगदी शेवटच्या पत्रावळीवर वरण पडेपर्यंत त्यांनी कोणाला घास उचलू दिला नाही. वरण पडल्यावर त्यांनी हात वर केला, तेव्हा कुठे नवरदेवाच्या बापाने जेवायला सुरुवात केली. "शेवटचा डबा आला म्हणजे गाडी आली," असं त्यांचं म्हणणं, आणि ते लग्नालाही लागू होतं. घरात ते फारसे बोलत नसत. एक खोकला म्हणजे चहा, दोन म्हणजे पाणी, आणि उंबरठ्यावर काठी आपटली म्हणजे 'मी निघालो'. एवढ्या सिग्नलांवर त्यांचा संसार पंचवीस वर्षं बिनअपघात चालला होता.

गोधडी त्यांच्या आईने शिवलेली. मुलगा रेल्वेत लागला त्या वर्षी तिने आपली दोन लुगडी आणि नवऱ्याची धोतरं घालून ती शिवली, आणि पुढच्याच वर्षी ती वारली. गार्डसाहेबांनी त्या गोधडीला ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे त्या शेवटच्या डब्यातून, एवढं फिरवलं की इंजिनाच्या ठिणग्यांनी आणि कंदिलाने तिची चाळण झाली. प्रत्येक भोक त्यांना स्टेशनाप्रमाणे पाठ होतं. हे आमगावचं, हे सालेकसाचं, हे दरेकसाच्या बोगद्यातलं. त्या कार्तिकात ती मधोमध उभी फाटली. त्यांनी बाजारातून कापसाची रजाई आणली, पण तिच्याखाली त्यांना झोप येईना. चार दिवसांत डोळे खोल गेले, चेहरा उतरला. तेव्हा मला कळलं की ही गमतीची गोष्ट नाही.

आमचा शोध सुरू झाला. बाजारातल्या पिंजाऱ्याने गोधडी दोन बोटांनी उचलली आणि म्हणाला, "बाबूजी, इसमें अब बचा क्या है?" त्याच्या दुकानावरून आम्ही पुन्हा कधी गेलो नाही. शिंप्याच्या मशीनचा आवाज गार्डसाहेबांनी डोळे मिटून ऐकला आणि हिला ब्रेक लागत नाहीत असा निकाल दिला. कामठ्याची एक म्हातारी तयार झाली, पण गार्डसाहेबांच्या अटी होत्या: आईचा एकही टाका कापायचा नाही, दरेकसाचं भोक बुजवायचं नाही, आणि गोधडी रात्री घरी परत आली पाहिजे. शिवाय ते तिच्यासमोर पाट टाकून बसले. दुपारपर्यंत म्हातारीने सोसलं. मग सुई त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "घ्या, तुमीच शिवा. मी पाहतो."

शेवटी जवळच्या मुर्री गावची भागरताबाई सापडली. ती दिवसा बिड्या वळायची आणि हिवाळ्यात गोधड्या शिवायची. तिने गोधडी अंगणात पसरली, सगळ्या बाजूंनी फिरून पाहिली आणि सांगितलं की एवढ्या जुन्या गोधडीला ठिगळं टिकत नाहीत. खालून-वरून दुसरं लुगडं घालायचं आणि जुनीला मधात निजवायचं. टाका एकही कापायचा नाही, भोकही बुजवायचं नाही, फक्त ती झाकली जाईल. लुगडं मात्र नेसून मऊ झालेलं हवं आणि घरातलंच हवं. गार्डसाहेबांनी आपला जुना युनिफॉर्मचा कोट देऊ केला. भागरताबाई म्हणाली, "घरी बायको नाही का, गार्डबाबू?"

परत येताना ते टांग्यात मागे बसून मुर्रीच्या वाटेकडे पाहत राहिले. घराजवळ आल्यावर मला म्हणाले, "तुमी इचारून पाहा." मी विचारलं. वहिनी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. सूप खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "भाऊजी, लगन झालं तवापासून यायनं मायच्या गोधडीत रात काढली. मले तिले हात लावू देल्ला नाही, धुवाले देल्ली नाही. आता माहं लुगडं कायले पायजे? अन् पायजे तं तोंडानं मागाव. तुमाले कायले धाडलं?"

गार्डसाहेब ओसरीतच होते. ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि एकदा खोकले.

"चहा नाही मांडला," वहिनी म्हणाल्या.

मी उठायला लागलो, तर गार्डसाहेबांनी माझा दंड धरला. मग म्हणाले, "तुह्यं एखांदं जुनं लुगडं देशील का?"

"कोनतं? माह्यापाशी कोनतं कोनतं हाये, एक तरी सांगा."

मला वाटलं, गाडी आता इथेच अडकली. ज्या माणसाला आपल्या भाजीत मीठ कमी की जास्त हेही सांगता येत नाही, तो लुगडं काय सांगणार?

"हिरव्या काठाचं," ते म्हणाले. "ते नेसून तू फाटकापाशी उभी राहात होतीस."

आमचा मोहल्ला रेल्वेलाइनला लागून आहे. नवीनच लग्न झालं होतं तेव्हा गार्डसाहेबांची गाडी सुटायच्या वेळी वहिनी पाण्याचं निमित्त करून फाटकाशी जाऊन उभ्या राहत. माझी बायको कधी कधी बरोबर असे. शेवटचा डबा समोरून जाई, गार्डसाहेब झेंडी धरून दगडासारखे उभे असत, मान हलत नसे, हात उठत नसे. पुढे वहिनींनी जाणं सोडलं. नवऱ्याने आपल्याला एकदाही पाहिलं नाही, असं त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं होतं.

"तुमी पाहात होते?" वहिनींनी विचारलं.

"वळन येवपर्यंत दिसत होतीस."

वहिनींनी सूप खाली ठेवलं. आत जाऊन पेटी उघडली, हिरव्या काठाचं लुगडं आणून त्यांच्या हातात दिलं, आणि पदराने डोळे पुसून रागावल्यासारख्या म्हणाल्या, "ते गाडी जाते कुठी, तेवढं मले एकडाव दाखवा."

गोधडी आठवडाभर मुर्रीला राहिली. गार्डसाहेब रोज संध्याकाळी फिरायला म्हणून मुर्रीच्या वाटेला लागत आणि भागरताबाईच्या कुंपणापासून परत येत. आत एकदाही गेले नाहीत. गोधडी आली ती अंगभर हिरव्या काठाची. आईच्या गोधडीचा एकही तुकडा आता दिसत नव्हता. गार्डसाहेब तिच्यावरून बराच वेळ हात फिरवत बसले. एका जागी बोट थांबलं. "दरेकसा," ते हळूच म्हणाले. वहिनींनी त्यांच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवून पाहिलं. आतला खड्डा त्यांनाही लागला.

पाचाची नोट मी भागरताबाईला पोचती केली. वर वहिनींनी तिला एक पायली तांदूळ दिला. लुगड्याबद्दल त्यांनी स्वतः काही घेतलं नाही. गार्डसाहेबांची मालगाडी जिथवर जाई, त्या डोंगरगडला दोघांनी जायचं ठरलं. निवृत्त माणसाला पास मिळतो, पण अर्ज करून यायला वेळ लागतो, आणि वहिनी थांबायला तयार नव्हत्या. म्हणून पौषातल्या एका सकाळी गार्डसाहेब आयुष्यात पहिल्यांदा तिकिटाच्या खिडकीशी रांगेत उभे राहिले. मी त्यांना पोचवायला गेलो होतो. दोन थर्डक्लासचे पैसे त्यांनी मोजून आत सरकवले. खिडकीतला बाबू ओळखीचा होता. त्याने मान वाकवून पाहिलं आणि विचारलं, "साहेब, आप और टिकट?"

गार्डसाहेबांना नोकरीतून सुटून तीन वर्षं झाली होती. त्यांनी मागे उभ्या असलेल्या वहिनींकडे पाहिलं, तिकिटं उचलली आणि म्हणाले, "आज ड्यूटी नाही."