बोटीवरची बोली

ऐंशी सालाच्या आसपास मी केळव्याच्या शाळेत तिसरीत होते. एक म्हातारा कोळी नातीला रोज सोडायला यायचा. त्याचं नाव कधी कळलं नाही, पण त्याचे कान सुपासारखे होते. नात मात्र जन्मापासून बहिरी.

"हिच्याशी बोलायचं कसं? हिला बहिऱ्यांच्या शाळेत घाला," बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

तो हसला. "बोटीवर इंजिन लागलं का आमी सगलेच बहिरे, बाय. हातानंच बोलतो. कोन उपाशी राहत नाय."

बाईंनाही हसू आलं. त्यांनी पोरीला माझ्याशेजारी बसवलं. मग रोज उंबऱ्यावर थांबून म्हातारा आम्हाला बोटीवरच्या खुणा शिकवू लागला: जाळं ओढ, मासा लागला, भाकरी दे. उरलेल्या आम्हीच बनवल्या, बाईंच्या अंबाड्यासाठीसुद्धा एक.

वर्ग एकदम शांत झाला. बाई खूश होत्या, आमच्या हातांकडे लक्ष जाईपर्यंत. सगळ्यात जास्त त्या पोरीचे हात चालत होते. बाईंनी तिला कोपऱ्यात उभं केलं.

शाळा सुटल्यावर म्हाताऱ्याला हे कळलं, आणि तो तिला खांद्यावर घेऊन गल्लीभर सांगत सुटला, "माज्या नातीला आज बडबड केली म्हनून शिक्षा झाली!"